सुनयनाच्या हातावरची तुळस

फॉर्मवर चौदावा प्रश्न होता: ‘अंगावर टॅटू आहे का?’ सुनयनानं ‘नाही’च्या चौकोनात खूण केली आणि पान उलटलं.

त्या वेळी खोटं बोलायचं तिच्या मनातही नव्हतं. टॅटू म्हणजे काय ते तिला पक्कं माहीत होतं. कामोठ्यात त्यांच्या बिल्डिंगच्या मागच्या रस्त्याला काळ्या काचांचं एक दुकान होतं. तिथं पोरं दंडावर वाघ, नाही तर मैत्रिणीचं नाव काढून घ्यायची आणि महिनाभर बाह्या दुमडून हिंडायची. तो टॅटू. तिच्या उजव्या हाताच्या आतल्या बाजूला, मनगटाच्या चार बोटं वर होतं ते गोंदण. एक तुळशीवृंदावन आणि त्याच्या दोन्ही अंगांना दोन-दोन ठिपके. गोंदणाला कुणी टॅटू म्हणतं का?

ती नऊ वर्षांची असताना ते झालं होतं. पाटण तालुक्यातल्या त्यांच्या गावच्या यात्रेत मशीन घेऊन बसलेले दोघंतिघं होते, पण आजीला, बाळाबाईला, ते पसंत नव्हते. तिनं सगळी यात्रा पालथी घालून सुयांनी गोंदणारी एक म्हातारी हुडकून काढली, आपला उजवा हात तिच्यापुढं धरला आणि म्हणाली, “ह्ये बघ. आगदी आसंच काढ. एक ठिपका हिकडचा तिकडं झाला तर माझ्याशी गाठ हाय.” पोरगी रडून लाल झाली. नंतर पाच दिवस बाळाबाईनं त्या हाताला पाण्याचा थेंब लागू दिला नाही. हळद आणि तेल लावलं, हात वर धरून आंघोळ घातली, आणि उजव्या हाताला त्रास नको म्हणून दोन्ही वेळा स्वतः भरवलं. “सोनंनाणं समदं हितंच काढून घेत्यात,” ती सांगायची, “ह्येवढंच काय ते संगं येतं.”

आता सुनयना सत्तावीस वर्षांची होती आणि बाळाबाई ऐंशीच्या पुढं. तिचा मुलगा, म्हणजे सुनयनाचा बाप ज्ञानू, वाशीच्या मार्केटात माथाडी. बटाट्याच्या गोणी वाहून त्याची पाठ कायमची वाकली होती. बायको जाऊन बारा वर्षं झालेली. सुनयनाचा थोरला भाऊ इंद्रजित कंपनीत शिफ्टला जायचा. त्याची बायको राजेश्वरी घर सांभाळायची आणि घरात सगळ्यात जास्त तीच बोलायची. अशी पाच माणसं कामोठ्याच्या दोन खोल्यांत राहत होती.

तीन वर्षांपासून बाळाबाईला विसर पडत चालला होता. आधी नावं गेली, मग चेहरे गेले. पोटच्या मुलाला ती “या पावनं, बसा” म्हणायची. सगळ्यात कठीण होती आंघोळ. कुणी अंगाला हात लावला की ती किंचाळायची, बोचकारायची. फक्त सुनयनाचं जमायचं, आणि तेही एकाच रीतीनं. सुनयना तिच्यासमोर उकिडवी बसायची आणि आपला उजवा हात तिच्या हाताशेजारी ठेवायची, तुळशीला तुळस लावून. बाळाबाई एकदा इकडं, एकदा तिकडं बघायची, अंगठ्यानं घासून खात्री करायची आणि म्हणायची, “आमचीच हाय.” मग लुगड्याची गाठ सोडू द्यायची.

पाच वर्षं सुनयना जवळच्या एका हॉस्पिटलात वॉर्डात काम करत होती. बाविसाव्या वर्षी तिला पहिल्यांदा कुणी “ए मावशी, हे पूस” म्हटलं आणि तेच नाव चिकटलं. मग कुणीतरी महाप्याच्या त्या संस्थेचं सांगितलं. जपानी भाषा शिकवतात, म्हाताऱ्या माणसांची सेवा कशी करायची ते शिकवतात आणि तिकडच्या वृद्धाश्रमांत कामाला पाठवतात. पहिल्याच दिवशी तिथं शिकवणाऱ्या फणसे मॅडमनी एक व्हिडिओ दाखवला. त्यात एक पोरगी पलंगाशी गुडघे टेकून बसली होती आणि अंथरुणातल्या आजोबांना हात लावण्याआधी विचारत होती, लावू का? आजोबा मान हलवेपर्यंत ती थांबली. सुनयना तो व्हिडिओ पुढं घरी कितीदा तरी बघत बसली. पगाराचं आकर्षण होतंच, पण तिला ते थांबणं हवं होतं. जिथं हे काम असं करतात, तिथं तिला जायचं होतं.

आठ महिने ती ड्युटी करून महाप्याला जात होती. जपानी अक्षरं तिनं ओट्यावरच्या फरशीवर खडूनं लिहून पाठ केली. आणि निवडीची मुलाखत बारा दिवसांवर आली असताना केतनचं प्रकरण झालं.

केतन दिवाळे गावचा, कोळ्याचा पोर, वर्गात सगळ्यात हुशार. सरावाच्या युनिफॉर्मची बाही वर सरकली आणि दंडावरचा नांगर दिसला, खाली वडिलांच्या होडीचं नाव. फणसे मॅडमनी शिकवणं थांबवलं.

“फॉर्मवर काय लिहिलं होतंस?”

“नाही असं लिवलंवतं, मॅडम. बाहीखाली झाकतंय ना...”

“तिथल्या म्हाताऱ्या माणसांच्या मनात बसलंय, अंगावर चित्र असलेला माणूस म्हणजे गुंडांच्या टोळीतला. आंघोळ घालायला असा माणूस आला की ती घाबरतात. चित्र केवढं आहे, कशाचं आहे, कुणी विचारत नाही. आणि तुझं चित्र राहू दे बाजूला, तू खोटी माहिती दिलीस. शेवटच्या पानावर सही करताना वाचलं होतंस ना? नाव कायमचं बाद.”

केतन बॅग उचलून गेला. वर्गातल्या थंडगार एसीमुळं सुनयना पहिल्या दिवसापासून पूर्ण बाह्यांचे ड्रेस घालायची, युनिफॉर्मच्या आतही लांब बाह्यांचा पातळ टीशर्ट असायचा. कुणाला काही दिसलं नव्हतं. तिनं बाही बोटांपर्यंत ओढून घेतली. आता सांगितलं तर खोटी माहिती दिली म्हणून नाव जाणार, आणि नाही सांगितलं तर मुलाखतीत आंघोळीचं प्रात्यक्षिक होतं, बाह्या कोपरापर्यंत वर करून.

संध्याकाळी बसस्टॉपवर तिनं नमिताला हात दाखवला. नमिताही दिवाळ्याचीच, वर्गात शेजारी बसणारी. आधी तिनं नवरीच्या मेकअपचा कोर्स केला होता.

“अगो, ह्ये कुठं टॅटू हाय? माझ्या आयशीच्या कपालावर पन हाय ना,” नमिता म्हणाली. मग तिला केतन आठवला. हात उजेडाकडं वळवून ती बोलली, “टेन्शन नको घेऊस. मी झाकते. नवरी रडून रडून मेली तरी माझा थर हलत नाय.”

रविवारी दुपारी नमिता मेकअपचा डबा घेऊन कामोठ्याला आली. तीन थर, वर पावडर, वर फवारा. सुनयनानं हात खिडकीशी नेऊन फिरवून पाहिला. तुळस गेली होती.

“पान्यात टिकतंय का बघायला पायजे,” नमिता म्हणाली. “आजीला आंघोल घालायचीच हाय ना? घाल.”

तीन वर्षं रोज आपणच आंघोळ घालतो, आता आजीला हात बघायची काय गरज, असं सुनयनाला वाटलं. तिनं बाळाबाईला बाथरूममध्ये स्टुलावर बसवलं. बाळाबाईनं सवयीनं तिचा हात ओढून घेतला, उलटा केला, सुलटा केला, अंगठ्यानं घासला.

“तुळस कुटं हाय?”

“आजी, मीच आहे. तुझी सुनी.”

“पुसून आलीया ही! कोन हायस गं तू? ज्ञानू! आरं ज्ञानू! परकी बाई शिरलीया घरात!”

ज्ञानू बाथरूमच्या दारातच उभा होता. पण ती हाक त्याला नव्हती, कधीकाळच्या पाच वर्षांच्या पोराला होती. तो पुढं झाला तशी बाळाबाई आणखी घाबरली. तांब्या भिरकावून ती उठायला गेली, पाय सरकला, कोपर नळावर आपटलं आणि ओल्या फरशीवर रक्त पसरलं. वरच्या मजल्यावरची बाई धावत दारात आली. सुनयनानं कपाटातली खोबरेल तेलाची बाटली हातावर उपडी केली आणि ओढणीनं खसाखसा पुसलं. ठिपके वर आले, मग वृंदावन. बाळाबाईनं बघितलं, अंगठा फिरवला. किंचाळणं थांबलं.

कोपराला पट्टी बांधून झाल्यावर राजेश्वरी म्हणाली, “वन्सं, एक विचारू? तुम्ही तिकडं जाऊन परक्या म्हाताऱ्यांना आंघोळ घालणार. आणि ही? हिचं काय पार्सल करून पाठवू तुमच्यामागं?”

“सुनबाई, गप बस,” ज्ञानू म्हणाला.

“मी गप बसते ओ मामंजी. पण ती बसती का? उद्यापासून बोचकारे मलाच आहेत.”

सुनयनानं फरशी पुसायला घेतली.

मुलाखतीच्या दिवशी सकाळी नमितानं संस्थेच्या बाथरूममध्ये पुन्हा तीन थर चढवले. आत मोरिता-सान, म्हणजे मोरिता मॅडम, बसल्या होत्या. सत्तरीच्या, ठेंगण्या, करड्या केसांच्या बाई. उत्तरेकडं, बर्फाच्या मुलखात त्यांचा वृद्धाश्रम होता आणि माणसं निवडायला त्या स्वतः आल्या होत्या. शेजारी फणसे मॅडम. पलंगावर रुग्ण म्हणून नमिता पडलेली.

सुनयना गुडघे टेकून बसली. हात लावू का, असं जपानीत विचारलं आणि थांबली. नमितानं मान हलवल्यावर तिनं बाह्या वर केल्या. कोमट पाण्यात टॉवेल बुडवला, पिळला, हात पुसला, पाय पुसले, शेवटी बाटलीतलं तेल घेऊन तळव्यांना चोळलं. पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं आणि ती डोळ्यांच्या कोपऱ्यातून फक्त तेवढी चार बोटं जागा बघत होती. थर हलला नाही. मोरिता-सान वहीत काहीतरी लिहीत होत्या. फणसे मॅडमच्या चेहऱ्यावर समाधान होतं.

मग जपानीतून प्रश्न सुरू झाले. तीन सोपे गेले. चौथा आला, “विसर पडलेली आजी आंघोळीला तयार नाही. ओरडते आहे. काय कराल?”

हे उत्तर पुस्तकात होतं. जबरदस्ती करायची नाही, थोडं थांबायचं, दुसऱ्या माणसाला पाठवायचं, पुन्हा विचारायचं. सुनयनानं घडाघडा म्हणून दाखवलं. मोरिता-साननी पेन खाली ठेवलं.

“हे पुस्तकातलं झालं. तुमच्या घरी अशी आजी आहे, असं फॉर्मवर आहे. तिच्यासोबत तुम्ही काय करता?”

गाणं म्हणते असं सांगता आलं असतं, आवडीचं फूल दाखवते असंही सांगता आलं असतं. दोन्हींचे शब्द तिला येत होते. पण डोळ्यांपुढं ओल्या फरशीवरचं ते रक्त आलं. आणि इथं खोटं बोलून गेलो तर तिकडं रोज त्या थराखालीच राहायचं, हेही कळलं.

तिनं ट्रेमधली तेलाची बाटली उचलली, हातावर ओतलं आणि टॉवेलनं पुसायला लागली. फणसे मॅडम अर्धवट उठल्या. “सुनयना! काय करतेस?” ती थांबली नाही. तुळस पुरती दिसायला लागली तेव्हा तिनं हात पुढं केला.

“आजीच्या हातावर असंच आहे. ती माझा चेहरा ओळखत नाही. हे ओळखते. मी हे दाखवते. मग ती आंघोळ करते.”

मोरिता-साननी चष्मा सरळ करून बघितलं. “फॉर्मवर तुम्ही ‘नाही’ लिहिलं आहे.”

“लिहिलं तेव्हा हे टॅटूत येतं असं मला वाटलं नव्हतं. नंतर कळलं. तेव्हा मी झाकलं. ते चुकलं.”

बाईंनी वही मिटली. मग म्हणाल्या, “आमच्याकडं हे कुणाला दाखवता येणार नाही. आंघोळीच्या वेळी, जेवणाच्या वेळी, कायम कोपरापर्यंत कापडी कव्हर घालावं लागेल.”

“हो. घालीन.”

“आणि तुम्ही आमच्याकडं आलात, तर तुमच्या आजीला हात कोण दाखवणार?”

याचं उत्तर पुस्तकात नव्हतं. तिनं तेलकट टॉवेल घडी करून ट्रेमध्ये ठेवला.

सहा दिवस काही कळलं नाही. हॉस्पिटलात ती दर तासाला फोन बघायची. सातव्या दिवशी फणसे मॅडमचा आवाज आला, रागीट आणि थोडा चकित. “तू मला त्यांच्यासमोर तोंडघशी पाडलंस, ते मी विसरणार नाही. पण तुला घेतलंय. नवीन फॉर्म भरायला ये, खरा. आणि त्यांची एक अट आहे. घरची काळजी घेऊन आलेली माणसं मध्येच परत पळतात, तसं त्यांना नकोय. आजीची काय सोय केलीस ते पंधरा दिवसांत कळवायचं. नुसतं ‘बघू’ चालणार नाही. सोय झालेली पाहिजे.”

सुनयनानं घरात सांगितलं. ज्ञानूनं मान हलवली. “सोय कशी हुनार? मला ती पावना समजती. इंद्रजितला तर समोर उभा ऱ्हाऊ देत न्हाई.” सगळ्यांचे डोळे राजेश्वरीकडं गेले.

“माझ्याकडं काय बघताय? बघते करून. त्यात काय रॉकेट उडवायचंय?”

पहिल्या दिवशी तिनं सुनयनाचा ड्रेस घातला, सुनयनासारखी वेणी घातली. बाळाबाईनं तिच्या गालावर तीन नखं उमटवली. नंतर दोन दिवस सुनयना मागं उभी राहून बोलायची आणि राजेश्वरी पाणी घालायची. बाळाबाईनं ओळखलं आणि तांब्या धरून ठेवला. पाचव्या दिवशी सुनयनानं स्केचपेनानं राजेश्वरीच्या हातावर तुळस काढली, मोजून, अगदी आपला हात शेजारी धरून. बाळाबाईनं हात हातात घेतला. तिनं बघितलं आणि अंगठा फिरवला. शाई पसरली.

“लबाड हाय ही!” म्हातारी ओरडली. “सोंग करून आलीया!” त्या दिवशी तिनं सुनयनालाही जवळ येऊ दिलं नाही. दुपारी जेवलीही नाही.

आठव्या दिवशी सुनयना ओट्याशी भाकरी थापत म्हणाली, “वहिनी, मी उद्या फोन करून नाही सांगते. सारखं घाबरवून तिचा जीव जाईल एखाद्या दिवशी.”

राजेश्वरीनं तिचा पिठाचा हात धरून तुळशीकडं नीट बघितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला राजेश्वरी पिशवी घेऊन बाहेर पडली ती साडेबाराला आली. पिशवी रिकामी होती. उजव्या हातावर प्लास्टिकचा पातळ कागद गुंडाळलेला, त्याच्याखाली कातडी लालभडक, आणि लाल कातडीवर काळीकुळकुळीत तुळस. दोन्ही अंगांना दोन-दोन ठिपके.

सुनयनाच्या हातातली पळी तशीच राहिली. “वहिनी, हे काय केलंत?”

“मागच्या काळ्या काचांच्या दुकानात गेले. तो पोरगा म्हणतो, ताई, फुलपाखरू काढू का? म्हटलं, गप हा नणंदेच्या हाताचा फोटो बघ आणि काढ. मशीन लावलं तेव्हा असा जीव गेला म्हणून सांगू, तुमच्या नावानं शिव्या घालत होते.”

“पण कशाला?”

“कशाला म्हणजे? तुम्ही जाणार नाही, मग जन्मभर माझ्या डोक्यावर बसून म्हणणार, तुझ्याच्यानं झालं नाही म्हणून राहिले. ते कोण ऐकून घेणार?” तिनं डोळे पुसले, हात दुखत होता म्हणून असेल. “फोन केला नाहीत ना?”

नव्हता केला.

राजेश्वरी बाळाबाईसमोर जाऊन बसली आणि प्लास्टिक काढून हात पुढं केला. बाळाबाईनं आधी मान फिरवली. मग हळूच बघितलं. हात ओढून घेतला. अंगठा वर आला तशी सुनयना पुढं झाली. पण अंगठा टेकला नाही. बाळाबाईनं हात नाकाजवळ नेला, सुजलेल्या कडा न्याहाळल्या.

“वली हाय आजून,” ती म्हणाली. “आजच काढलीस व्हय गं पोरी?”

“व्हय,” राजेश्वरी म्हणाली.

“मग पाच दिस पानी लावायचं न्हाई. आंघोळ न्हाई, भांडी न्हाई. हळद आन.” आणि समोरच्या ताटातल्या भाकरीचा तुकडा मोडून तिनं आमटीत बुडवला आणि राजेश्वरीच्या तोंडापुढं धरला. “खा. उजवा हात वापरू नगंस.”

राजेश्वरीनं तोंड उघडलं. तिच्या हनुवटीवरून आमटी ओघळली.

पाच दिवस बाळाबाईनं तिला भरवलं. पण आंघोळीला ती कुणालाच तयार होईना. नव्या गोंदणाला पाणी लागेल म्हणून ती सुनयनालाही बाथरूमपाशी जाऊ देत नव्हती. ज्ञानू रोज विचारायचा, “आज कितवा दिस?” आणि कॅलेंडरपुढं उभा राहायचा. कळवायची मुदत पंधराव्या दिवशी संध्याकाळपर्यंत होती.

चौदाव्या दिवशी सकाळी राजेश्वरी बाळाबाईला धरून आत घेऊन गेली आणि दार लावून घेतलं. सुनयना बाहेर भिंतीला टेकून उभी राहिली, हातात फोन. ज्ञानू दिवाणाच्या कडेवर बसून होता. आत शांतता. मग नळ सुटला. मग बाळाबाईचं काहीतरी पुटपुटणं. नळ बंद झाला, पुन्हा शांतता, आणि सुनयनानं डोळे मिटले. तेवढ्यात आतून बाळाबाईचा आवाज आला, मोठा आणि रागीट.

“सटवे, पानी गार हाय!”

“गारच मिळंल! गिझर बिघडलाय, तुमच्या नातवाला चार दिवस झाले सांगतेय!”

“मग पाठीवर घाल, डोस्क्यावर कशाला घालतीस?”

आणि तांब्याभर पाणी फरशीवर पडल्याचा आवाज आला, पाठोपाठ दुसरा. ज्ञानूनं खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसलं. सुनयना खाली, फरशीवर बसली, फणसे मॅडमचा नंबर लावला आणि पलीकडून “हॅलो” येईपर्यंत तिसऱ्या तांब्याची वाट बघत राहिली.